तुमचा हात खाली येताना

अण्णा, यंदाच्या नारळी पौर्णिमेला मी साऱ्या गावासमोर तुमचं बिंग फोडलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्हाला त्याचा काही त्रास होणार नाही. मला वाईट वाटतं ते एवढंच.

नारळ लढवण्यात तुम्ही कधी हरला नाहीत. समुद्राची पूजा झाली की देवळामागच्या पटांगणात माणसं जमायची. एकाने आपला नारळ मुठीत धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर ठोका द्यायचा; ज्याचा फुटेल त्याने तो समोरच्याला देऊन टाकायचा. धरणाऱ्याने हात हलवायचा नाही, हा एकच नियम. मी तेव्हा चौथीत. वसतिगृहातून सणाला घरी आलेली, पुढेच उकिडवी बसलेली, डोळे बरोबर तुमच्या मुठीच्या उंचीवर. ठोका बसणार तोच तुमची मूठ बोटभर खाली येते, झेल घेताना हात मागे घेतात तशी. ठोक्याचा जोर निघून जातो, नारळ शाबूत राहतो, आणि मग पाळी तुमची. समोरच्याचा हात मात्र दगडासारखा स्थिर, कारण तो नियम पाळतोय. फुटणार त्याचाच.

"अण्णा, तुमचा हात हलला," मी म्हणाले. सहज म्हणाले, सदऱ्याचं बटण उघडं आहे असं सांगावं तसं. तुम्ही हसलात, वळून सगळ्यांना विचारलंत, "काय रे, कुणी बघितला का माझा हात हलताना?" सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. निम्मे आपल्याच वाडीत नारळ पाडायला, सुपाऱ्या सोलायला येणारे. "बघा, कॉन्व्हेंटात घातली तर खोटं बोलायला शिकून आली," तुम्ही म्हणालात, आणि एकेकापुढे उभं करून मला माफी मागायला लावलीत.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित विसरलेही असते. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एसटीने माणगावला नेलंत आणि चष्मा घेऊन दिलात. जाड काळा, माझ्या नाकावरून घसरणारा. डोळे कुणी तपासले नाहीत. दुकानदाराला बाजूला घेऊन तुम्हीच काहीतरी सांगितलंत. मग माझ्या आवडीची चिक्की घेतलीत आणि बसमध्ये म्हणालात, "आता नीट दिसेल हो तुला." सुट्टीत घरी असले की तो चष्मा मला लावावाच लागे. स्वयंपाकघरात काकू मला दुर्बीण म्हणायला लागली. "दुर्बिणे, बघ गं, भात शिजला का. आणि खरं सांग हां." सगळ्या हसायच्या. आई आमच्याकडे पाठ करून आमटी ढवळत असायची, आणि तिचे खांदे हलायचे. पुढे मी काहीही सांगितलं की घरात कुणीतरी म्हणणारच, "दुर्बीण म्हणतेय ना, मग निम्मं धरा." मी मॅट्रिक झाले तरी ते सुटलं नाही.

वसतिगृहात सिस्टरनी एकदा तो चष्मा पुसायला घेतला आणि माझ्या पुस्तकावर धरून वरखाली केला. अक्षर लहान झालं नाही की मोठं झालं नाही. "बाळ, या तर नुसत्या काचा आहेत. कुणी दिला?" मी म्हटलं, "वडिलांनी." त्यांनी चष्मा खणात ठेवला आणि दुसरं काही विचारलं नाही. त्या न विचारण्याची मला अजून लाज वाटते, आणि ती लाज तुमची आहे.

शाळेतली नोकरी संपवून मी गावी परतले आणि कॅमेरा घेतला. मला लाटा आणि बगळे हळू हलताना बघायचे होते, बाकी काही नाही. सुरुवातीला साधं चित्रण, सेकंदाला तीस चित्रांचं, तेच ताणून बघायची. बगळा धक्के खात उडायचा. ते गुळगुळीत कर असं संगणकाला सांगितलं, तर तो दोन चित्रांच्या मधली चित्रं अंदाजाने स्वतःच रचतो. एका बगळ्याला त्याने तिसरा पंख लावून दिला. मला ते नको होतं. जे घडलंच नाही ते घातल्याचा आरोप माझ्यावर एकदा झाला होता. म्हणून मी सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं घ्यायला शिकले. ती चोवीसच्या चालीने दाखवली की एक सेकंद दहा सेकंदांचा होतो. एकही चित्र बनावट नाही, एकही गाळलेलं नाही, आणि हालचाल तेलासारखी वाहते. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा पडद्यावर बगळा होता, पण मला तुम्ही आठवलात.

नारळ लढवण्यात आता तुमच्या नावाचा चषक असतो, आणि तो माझा धाकटा भाऊ दरवर्षी जिंकतो. त्याला कुणी शिकवलं ते मला माहीत होतं. यंदा उत्सव मंडळाचा सेक्रेटरी आपणहून घरी आला. "ताई, ते नारळाचं पाणी उडतं ना, ते स्लो मोशनमध्ये घ्या. बक्षिसाच्या वेळी पडद्यावर लावू. झकास होईल." मी म्हटलं, "घेते की." मंडपातल्या ट्यूबलाइटखाली असं चित्रण लुकलुकतं, म्हणून लढती मी बाहेर उघड्यावर घ्यायला लावल्या. पाट घेऊन बसले, पुन्हा मुठीच्या उंचीवर. धाकटा म्हणाला, "ताई, एवढी खाली बसून काय काढतेस?"

"पाणी," मी म्हणाले.

आधी मी पाणीच दाखवलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग धाकट्याची लढत. वरून नारळ तरंगत आल्यासारखा येतो, आणि तो टेकायच्या आधीच धाकट्याची मूठ खाली निघते. सगळ्यांना दिसेल इतकी सावकाश. कुणीतरी म्हणालं, "परत लावा." मी परत लावलं. वाडीवर कामाला येणारे, तुमच्याशी दरसाल हरणारे एक म्हातारबाबा पुढे बसले होते. ते म्हणाले, "अण्णांचा हात असाच उतरायचा." माणसं हसली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. समद्यांनाच ठाव व्हतं. पन अण्णांना सांगनार कोन?" मग माझ्याकडे बघत म्हणाले, "तू सांगितलंस तेवढं."

धाकट्याने चषक टेबलावर ठेवला. "मला अण्णांनीच शिकवलंय," तो म्हणाला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

मला वाटलं होतं, त्या दिवशी मन हलकं होईल. झालं नाही. माझी माफी ऐकून घेणारा प्रत्येक जण खरं जाणून होता, आणि मान हलवत होता. त्या सगळ्यांचा राग मी आता नव्याने करते आहे, पण पहिला मान अजून तुमचाच.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "ताई, माझी अब्रू गेली ती गेली. आता ते चित्रण काढून टाक."

"काढलं," मी म्हणाले.

"खरं?"

"मी कधी खोटं बोलले आहे?"

त्याने मान खाली घातली आणि गेला. अण्णा, मी ते काढलेलं नाही. म्हणून हा कागद त्याच्या काय, कुणाच्याच हाती पडता कामा नये. तुमचा फोटो आहे, पण तुम्ही हलताना कुठेच नाही. धाकट्याचं मनगट तुमचं आहे, शिरांसकट. दुपारी घरात कुणी नसलं की मी ते लावते, आणि हात खाली येऊन थांबेपर्यंत बघत बसते.