शनीजवळ अडकलेल्या यानाची पत्रिका

कोथरूड, पुणे
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थरूप रंगरावमामांना दत्तप्रसादचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा, मामींचा खोकला आणि अंगणातला फणस, तिघांचीही प्रकृती आता सुधारली असेल अशी आशा करतो. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे खुशाल कोणीच नाही. (आपण मोबाईल ठेवत नाही म्हणून हे पत्र. कोथरूडात पोस्टाचं पाकीट अजून मिळालेलं नाही, मिळालं की टाकेन.) आपण वाईत इतकी वर्षं माणसांच्या पत्रिका मांडत आलात. आज एका टीव्ही मालिकेची पत्रिका मांडून द्यावी, अशी विनंती करतो आहे. कृपा करून पत्र इथेच घडी घालून ठेवू नये, पुढे वाचावं.

मालिकेचं नाव ‘शनीच्या पलीकडे’. रोज रात्री नऊला लागायची. पृथ्वीवरून एक यान निघतं, ऊर्मिला नावाच्या बाई त्याच्या कप्तान, आणि ते यान शनीच्या कड्यांत अडकतं. शेवटी कप्तानबाई एका लाल दांड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. दांडा ओढला तर यान सुटणार, नाहीतर फुटणार, आणि नेमकी तिथेच वाहिनीने मालिका बंद केली. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला. आपल्या ताई, म्हणजे आमच्या मातोश्री, त्या भरल्या वांग्यांतून यान कधी बाहेर येतं याची शेवटपर्यंत वाट पाहत बसल्या.

मामा, ताईंचा स्वभाव आपण लहानपणी सोसला आहे, हल्ली आम्ही सोसतो. आई आणि कल्याणी एका घरात राहून माझ्यामार्फत बोलतात. आई म्हणते, तुझ्या बायकोला सांग, कुकरची रिंग बदल. कल्याणी म्हणते, आईंना सांग, कालच बदलली. (दोघी तेव्हा ओट्यापाशीच शेजारी उभ्या असतात. मला हॉलमधून बोलावून घेतात.) पण नऊ वाजले की दोघी एका सोफ्यावर. कल्याणी खराडीच्या ऑफिसातून दमून यायची आणि चप्पल काढायच्या आत विचारायची, ‘आई, लागली का?’ आईने तिच्यासाठी वाटीत शेंगदाणे काढून ठेवलेले असायचे. मग यानातला प्राणवायू पुरेल की नाही यावर दोघी थेट एकमेकींशी भांडायच्या. त्या अर्ध्या तासात माझी कोणालाही गरज नसायची, आणि मामा, मनापासून सांगतो, मी तेव्हा फार सुखात होतो. आता सोफा रिकामा आहे. त्यात आईने पण केला आहे की यान हललेलं दिसेपर्यंत चहा घेणार नाही. चहाशिवाय ताई म्हणजे काय, हे मी आपल्याला लिहायला नको.

आमच्या सोसायटीत हे दुःख बऱ्याच घरांत निघालं, त्यामुळे रीतसर बचाव समिती झाली. अध्यक्ष जयसिंगराव. हे निवृत्त इंजिनिअर, अंधश्रद्धेवर व्याख्यानं देतात. समितीने वाहिनीला निवेदन पाठवलं. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, असं उत्तर आलं. पुण्यात याला नकार म्हणतात, असं जयसिंगराव म्हणाले. पुढे कळलं की कप्तानबाईंचं काम करणाऱ्या नटी कर्वे रस्त्यावर एका साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला येणार आहेत. आम्ही फलक घेऊन गेलो. (दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक आलं, त्याने सगळ्यांना सरबत दिलं. फलक खुर्च्यांखाली ठेवून आम्ही ते प्यायलो.) आईने गर्दीतून वाट काढत नटीचा हात धरला आणि विचारलं, ‘बाई, तो दांडा ओढलात की नाही?’ ती बिचारी म्हणाली, ‘आजी, तो थर्माकोलचा होता हो. ओढला असता तर हातात आला असता.’ आई परतीच्या रिक्षात बसली, पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, ‘म्हणजे ओढला नाही.’

त्यानंतर आईनेच आपलं नाव काढलं. रंगा पत्रिका बघेल, म्हणाली. जयसिंगरावांनी आधी निषेध नोंदवला. मग म्हणाले, माझा या थोतांडावर विश्वास नाही, पण करायचंच असेल तर जन्मवेळ अचूक हवी. तिथून सभा जी पेटली ती पेटली. जन्म म्हणजे पहिला भाग लागला तो क्षण, की त्याआधीच्या जाहिराती संपल्या तो? आमोद नावाचा आमचा तरुण सभासद म्हणतो, जन्मस्थळ मुंबई धरू नका, यान धरा. पण यान शनीपाशी, मग पत्रिकेत शनी कोणत्या घरात लिहायचा? आणि जो शनीच्याच दारात उभा आहे त्याला साडेसाती लागते का? आईचं मत, लागते. म्हणून ती दर शनिवारी शनिपारला जाऊन यानाच्या नावाने तेल वाहते. (पुजाऱ्यांनी गोत्र विचारलं. आईने आमचंच दिलं, त्यामुळे यान आता आमच्या भावकीत आहे.) तेव्हा वेळ नऊची धरावी आणि मालिका परत येईल का, येत नसेल तर उपाय काय, एवढं कळवावं. मामींना नमस्कार, फणसाला पाणी.

आपला भाचा,
दत्तप्रसाद

ता. क. पाकीट मिळेपर्यंत आठवडा गेला आणि तेवढ्यात मालिका परत आली. कप्तानबाईंनी दांडा ओढला, यान सुटलं, आणि मागच्या कोठाराचं दार उघडून त्यांच्या सासूबाई मसाल्याचा डबा घेऊन बाहेर आल्या. तेव्हापासून यान गुरूकडे जातं आहे की माहेरी, ते कळत नाही. आमटीत मीठ कोणी जास्त घातलं यावरच भाग चालले आहेत. समिती हादरली आहे. आता मालिका बंद पाडण्याचा उपाय हवा, असा ठराव झाला. माझा विश्वास नाही, पण उपाय जालीम असावा, असं जयसिंगरावांनी कळवायला सांगितलं आहे.

ता. क. दुसरा, हा फक्त आपल्यासाठी. आईचा चहा सुरू झाला. रोज नऊला दोघी सोफ्यावर असतात. आई म्हणते, ‘काय बाई ही, अशी सासू असते का कुठे?’ कल्याणी म्हणते, ‘कुठेच नसते, आई.’ आणि वाटी पुढे करते. मी गॅलरीत निवांत पेपर वाचतो. तरी मामा, समितीला असं लिहून द्या की मालिका दीर्घायुषी आहे आणि कोणताही उपाय लागू पडणार नाही. जन्मवेळ आपल्याला सोयीची पडेल ती धरा.