निरोगी ठरल्याबद्दल तक्रार

तीर्थरूप ताईस,

तुझ्या मधल्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील. नसतील तर निदान भाऊजींचे तरी असावेत. इकडे आम्ही दोघे भाऊ ठीक आहोत. त्यातला मी जास्तच ठीक आहे असं आता कागदोपत्री सिद्ध झालंय, आणि त्यानेच माझं डोकं फिरलंय.

आमचं शिवणाचं दुकान बंद झाल्यापासून धाकटा घुम्यासारखा बसून असतो, हे तुला ठाऊकच आहे. इथल्या इस्पितळात उदासीवर संशोधन चाललंय (नुसत्या गोळ्या बऱ्या, की सोबत दर आठवड्याला तासभर बोलणंही हवं, असं काहीतरी). धाकट्याला घेऊन मीच गेलो. तिथल्या बाईंना ताडून बघायला धडधाकट माणसंही हवी होती, म्हणून त्यांनी मलाही प्रश्न विचारले. झोप लागते? छान! भूक? उत्तम! कशात मन रमतं? सगळ्यात! (चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला "कोट अगदी झकास बसलाय" म्हणत आलो, समोरच्याचं तोंड उतरू द्यायचं नाही, ही जिभेची सवय.) धाकट्याने मात्र पहिल्याच प्रश्नाला भोकाड पसरलं.

झालं! तो रोगी, मी निरोगी. आता दर मंगळवारी त्याला हात टेकायची खुर्ची, चहा आणि तासभर मन लावून ऐकणाऱ्या डॉक्टरीणबाई. आठवड्यात मध्येच एखाद्या दिवशी त्याच्यासाठी घरी फोन येतो, आज कसं वाटतंय म्हणून. आमची ही तर पहिलं ताट त्यालाच वाढते. मला महिन्यातून एकदा बोलावतात, रक्तदाब मोजतात आणि "काका, तुम्ही अगदी नमुनेदार आहात" म्हणून वाटेला लावतात. मंगळवारी मी बाहेरच्या बाकावर बसून त्या बंद दाराकडे बघत असतो. जळतो गं मी, सरळ सांगतो. दुकान दोघांचं बंद झालं, दुःख मात्र एकट्या धाकट्याचं!

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधला

ता. क. : बाई जवळच्या नातेवाइकाकडूनही एक फॉर्म भरून घेतात. माझ्यासाठी मी तुझा पत्ता दिलाय. मी मजेत असतो असं लिही, उगाच माझा शब्द खोटा पडायला नको.

आणखी एक : तसं लिहू नकोस. गेल्या महिन्यात फोनवर माझा आवाज बसला होता आणि मी सर्दी म्हणालो. ती सर्दी नव्हती. तुला ते कळलं होतं, म्हणूनच तू कितीतरी वेळ फोन ठेवला नाहीस. तेवढंच लिही.