ओढ्यापलीकडच्या मेंढ्या

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा मेंढ्या पाळणे, नवरा हयात नाही, गुडघे हयात असून नसल्यासारखे, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी परवाच तपासून तसा दाखला दिला. देताना म्हणाले, "डोकं शाबूत आहे, जिभेची जबाबदारी मी घेत नाही." हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने करत नाही. लाडीगोडी करणारे आता या घरी फारसे येतही नाहीत. याआधी मी सगळे मुलाच्या नावे लिहून ठेवले होते, ते रद्द समजावे. तो कागद मी शेगडीत घातला आणि त्यावर चहा केला.

वकीलबाईंचे म्हणणे असे की मालमत्ता लिहा, नावे लिहा, बाकी पाल्हाळ नको. पण काय कोणाला दिले एवढेच लिहिले तर का दिले याची गोष्ट माझ्यामागे लोक आपापल्या सोयीने रचतील. त्यापेक्षा मीच सांगते.

कलम एक. राहते घर माझ्या मुलाला. घर म्हणजे खालच्या दोन खोल्या, वरची माडी आणि जिन्याची ती पायरी जी दुरुस्त करीन करीन म्हणत तो शहरात निघून गेला. मागची खोली मात्र कोकरे जन्मण्याच्या दिवसांत माझ्या भाचीकडे राहील. तिथली शेगडी, जुनी पोती आणि दुधाच्या बाटल्या जागच्या जागी राहतील. गारठलेले कोकरू शेगडीपाशी आणले की घराला वास येतो. तो आला तर मुलाने खिडकी उघडावी.

मुलावर माझा राग नाही असे लिहिणार होते, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणतात. दर खेपेला तो तेच म्हणतो, "आई, कोकराचा भाव बघितलास का? वर्षभर राबून तू खाटकाला पोसतेस. विकून टाक सगळं." मी म्हटले, "भाव पडला म्हणून मेंढ्या विकायच्या, मग भाव चढल्यावर काय विकू, तुला?" तो हसला. मागच्या वर्षी त्याच्या घरी गेले होते. पाणी घ्यायला फ्रिज उघडला तर आत कोकराचे मटण, समुद्रापलीकडून गोठवून आलेले, वर चकचकीत चिठ्ठी. म्हणाला, "आई, हे स्वस्त पडतं." मी पोट बिघडल्याचे सांगून त्या रात्री जेवले नाही. त्याला वाटले, खरेच बिघडले आहे.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून माझे शेवटचे कार्य उरकावे, उरेल ते मुलाला. फुले आणू नयेत. फुलांवर खर्च करण्याइतकी माझी कोणाशी ओळख नव्हती.

कलम तीन. माझ्या नवऱ्याचा दगड घडवायचा हातोडा आणि दोन छिन्न्या भाचीला. तो दगडी बांध घालणारा होता आणि अर्ध्या खोऱ्याचे बांध त्याच्या हातचे आहेत. डोंगरावर मात्र एकही नाही, आणि ते का, हे पुढे येईल. कातरायच्या कात्र्याही भाचीला. कुत्री कोणाला देता येत नाही, ती आपली आपणच भाचीकडे जाईल.

गोडबोल्या व्यापाऱ्यास काहीही नाही. मात्र माझ्या अंत्ययात्रेला तो येणारच, कारण गर्दी दिसली की तो येतो. आला तर त्याने लिलावात उभा राहतो तसे मागे उभे राहावे, हात खिशात घालून. बोली लावायला काही नसेल.

कलम चार. डोंगर. ओढ्याच्या अलीकडची बाजू माझी आहे, पलीकडची माझ्या थोरल्या भावाची, दादाची. वडिलांनी तशी वाटणी केली. डोंगराला कुंपण नाही आणि कधी नव्हते. परके लोक विचारतात, मग मेंढ्या पळून कशा जात नाहीत? मेंढी आईच्या मागे चरत चरत जी जागा शिकते, ती जन्मभर सोडत नाही, आणि तीच आपल्या कोकराला शिकवते. अलीकडच्या मेंढ्या ओढ्यापर्यंत येत, पलीकडच्याही ओढ्यापर्यंत येत, एकमेकींना बघून माघारी फिरत. वडील म्हणायचे, "आपला बांध चार पायांचा आहे." म्हणूनच माझ्या नवऱ्याला तिथे काम नव्हते. हा बांध एकदा मोडला की बाजारातून विकत आणता येत नाही. हे वडिलांनी आम्हा दोघांना एकाच वेळी, एकाच जागी उभे करून सांगितले होते. मी ऐकले. दादा तेव्हा शिट्टी वाजवत होता.

आता काही वर्षांपूर्वीचा तो लिलावाचा दिवस. हिवाळ्याच्या तोंडावर गवत संपते, तेव्हा आम्हाला कोकरे विकावीच लागतात. गवत थांबत नाही, व्यापारी थांबू शकतो, सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. त्या वर्षी जवळचा कत्तलखाना आधीच बंद पडला होता. त्यात लिलावाच्या सकाळी बातमी आली की कुठल्या तरी लांबच्या कळपात रोग निघाला, शेजारच्या देशाने सीमा बंद केली आणि जहाजे बंदरातच उभी आहेत. दुष्काळात तेरावा महिना. पुकारणाऱ्याने भाव पुकारला, कोणी हात वर केला नाही. त्याने आणखी खाली पुकारला. एवढी माणसे असून नुसती कोकरे ओरडत होती.

मग गोडबोल्या आमच्यात फिरू लागला. प्रत्येकाच्या खांद्यावर हात. "आज देऊन टाका हो. उद्या हेही मिळणार नाही. मी तुमच्यासाठीच अंगावर घेतोय." दादाने दुपारी कोकरे दिली. ते मी समजू शकते, कोकरे विकण्यासाठीच असतात. पण भीती अशी असते की एकदा घरात घेतली की ती बसायला खुर्ची मागते. संध्याकाळपर्यंत त्याने आयाही विकल्या.

मी विचारले, "दादा, आया कशाला?"

"कोकरांना गिऱ्हाईक नाही, तर आयांचं काय लोणचं घालू?"

"आणि डोंगर?"

"डोंगर कुठे पळून जातोय?" तो म्हणाला.

ट्रकमध्ये मेंढ्या चढत होत्या तेव्हा त्याची मुलगी, माझी भाची, फळीपाशी उभी होती. तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली एक मेंढी होती, नाक चपटे, म्हणून नकटी. हाक मारली की मागे यायची. पोरीने एवढेच विचारले, "बाबा, नकटीपण?" दादाने गोडबोल्याकडे बघितले, ट्रककडे बघितले, पोरीकडे नाही बघितले. नकटी हाक न मारताच चढली, कारण पुढच्या सगळ्या चढत होत्या. त्या आठवड्यात पोरगी बूट हातात घेऊन माझ्या दारात आली. "आत्या, तुझ्याकडे काम आहे?" मी म्हटले, "काम आहे, पगार नाही." ती आत आली, ती अजून इथेच आहे. तेव्हापासून दादा आणि मी बोलत नाही.

माझी कोकरे मी परत आणली. नवऱ्याचा ट्रॅक्टर विकून हिवाळाभर विकतचा चारा घातला. लोक मला वेडी म्हणत होते आणि चाऱ्याचे बिल पाहून मलाही तसेच वाटत होते. वसंतात सीमा उघडली. मेंढ्या कोणाकडे उरल्याच नव्हत्या, त्यामुळे भाव असा चढला की म्हाताऱ्यांनाही आठवत नाही. फायदा कोणाचा झाला हे लिहायला नको. गोडबोल्याने नवीन गाडी घेतली आणि मला वाटेत हॉर्न वाजवून दाखवली.

मग दादाने ती चूक केली जी आमच्याच धंद्यातला माणूस करू शकतो. त्याने सपाटीवरून नव्या मेंढ्या आणल्या. तीच जात, तीच काळी तोंडे. त्याला वाटले मेंढी ती मेंढी. डोंगरावर सोडून घरी येऊन झोपला. सकाळी काही शाळेच्या मैदानात, काही पेट्रोल पंपावर, आणि एक न्हाव्याच्या दुकानात आरशासमोर उभी. त्याने पुन्हा वर हाकलल्या, त्या पुन्हा खाली. त्यांना डोंगर माहीतच नव्हता, माहीत करून देणाऱ्या आया त्याने विकल्या होत्या. सारे गाव पोट धरून हसले. मीही हसले, आणि ते मागे घेत नाही. शेवटी त्याही विकल्या. तेल गेले, तूपही गेले.

पण हसण्याची किंमत मलाच पडली. पलीकडचा डोंगर रिकामा झाल्यावर माझ्या मेंढ्यांना ओढ्यापाशी अडवणारे कोणी उरले नाही. समोर न चरलेले गवत. त्या ओलांडू लागल्या. रोज संध्याकाळी मी, भाची आणि कुत्री त्यांना माघारी वळवायचो. माझे गुडघे त्या ओढ्यात गेले. काही मेंढ्या पलीकडेच व्यायल्या, त्यांची कोकरे तीच जागा शिकली, त्यांना आता कितीही हाकला, त्या तिकडेच जातात. एकाने आपला कळप विकला की शेजाऱ्याचाही उसवत जातो. अशीच आणखी चार वर्षे गेली, तर भाचीच्या हाती विखुरलेल्या मेंढ्या आणि उघडा डोंगर राहील, आणि गोडबोल्या पुन्हा खांद्यावर हात ठेवायला येईल. मला मरणाची नाही, त्याची धास्ती आहे.

कलम पाच. अलीकडचा डोंगर, मेंढवाडा, एडके आणि खांद्यावर निळा पट्टा असलेल्या सगळ्या मेंढ्या भाचीला. मुलाने याला हरकत घेऊ नये. त्याने हरकत घेतली तर घरही तिलाच. आया विकू नयेत अशी अट घालायची होती, पण वकीलबाई म्हणतात तशी अट टिकत नाही. मेलेल्या बाईला अट घालता येत नसेल, पण शाप देता येतो असे ऐकून आहे. पोरीला त्याची गरज पडणार नाही.

कलम सहा. वकीलबाईंकडून मला कळले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही. ऐकून फार बरे वाटले. लगेच मी दुसरा साक्षीदार म्हणून दादाचे नाव सांगितले. भाचीच्या हाती निरोप पाठवला, "तुला काही मिळणार नाही, हे पक्के करायला सहीला ये." तो आला. आत्ता समोर बसला आहे, टोपी मांडीवर. चहा घेतला नाही, पण कपाकडे दोनदा बघितले.

तर त्याला मी काही देत नाही. मात्र एक गोष्ट नोंदवते, जी मी मेल्यावर नव्हे, आजच खरी आहे. ओढ्यापलीकडे जन्मलेल्या आणि तिथेच चरणाऱ्या मेंढ्या माझ्या मालमत्तेत येत नाहीत. गेली दोन वर्षे मी त्यांना निळा पट्टा मारलेला नाही, भाचीने विचारले तेव्हा रंग संपला असे सांगितले. मेंढी ज्या डोंगरावर चरायला शिकते त्या डोंगराची असते, आणि तो डोंगर माझा नाही. जे आपले नाही ते कोणाला देता येत नाही, म्हणून मी त्या देत नाही.

याला कोणी दान म्हणू नये. माफी तर मुळीच म्हणू नये. नकटीचे मी विसरलेले नाही, पोरगी तर नाहीच नाही. तिच्या कळपाला पलीकडून बांध हवा, आणि तो चार पायांचाच लागतो. बांध राखायला कोणीतरी माणूस लागतो, आणि दुसरा कोणी उरलेला नाही.

मेंढवाड्यात फळीवर, निळ्या रंगाच्या मागे, लाल रंगाचा डबा आहे. वडिलांच्या काळापासून आमचे दोन्ही डबे तिथेच असत, माझ्या मेंढ्यांना निळा पट्टा, दादाच्या मेंढ्यांना लाल ठिपका. त्या हिवाळ्यात मी तो फेकायला गेले होते. फेकला नाही. डबाही त्याचाच आहे, म्हणून तोही या मृत्युपत्रात येत नाही.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना स्वतः मोठ्याने वाचून दाखवला. डॉक्टर ऐकत होते. दादाने नाक शिंकरले, सर्दी झाली आहे म्हणाला. शेवटचे कलम संपल्यावर तो उठून बाहेर गेला. परत येईल की नाही हे मला ठाऊक नाही, म्हणून त्याची जागा मोकळी सोडून मी सही करत आहे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: कोकरे डोंगरावरून खाली उतरवण्याच्या आधीचा दिवस, आजचा भाव पडलेला.

सही: मेंढ्यावाली, धाकटी बहीण, आई, आत्या.

साक्षीदार एक: डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर शुद्धीत सही केली. जिभेसकट.

साक्षीदार दोन: थोरला भाऊ. सही माझ्यासमोर झाली, मी दारात उभा होतो. डबा उघडून बघितला. रंग पार वाळलाय. उद्या नवा आणतो.