फळीला बांधलेला पाय

प्रिय ताई,

जुनी चादर टर्रकन फाटल्याचा आवाज अजून कानात आहे. लहानपणी हिमोफिलियामुळे, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आजारामुळे, माझ्या गुडघ्यात रक्त उतरलं, की तू त्या पट्ट्यांनी पाय फळीला बांधायचीस आणि महिनाभर उशाशी बसून शाळेतल्या कविता म्हणायचीस.

आज फळीचं सांगितलं, तेव्हा फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, रक्त थांबल्यावर पाय हळूहळू हलवायचा असतो. महिना-महिना कुणी बांधून ठेवला? तिथंच सांधा आखडला."

"मीच आळशी हो, हलवलाच नाही," म्हणालो. थकलोय गं. पण हे तुला कळायला नको, म्हणून पत्र टाकणार नाही.

दार वाजतंय. बाहेर तूच!

"लंगडोबा, उघड! गुडघा सुजलाय म्हणे? पट्ट्या फाडूनच आणल्यात."

कागद उशीखाली सारतो. आजचा दिवस तुझ्याकडून पाय बांधून घेईन.

तुझा,
लंगडोबा