खडीचा रस्ता संपला तिथे

डब्लिन,
रविवार, २८ मे १९७८

प्रिय श्रीधर,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. काल, शनिवारी, संस्थेच्या बसने आम्ही डब्लिनजवळच्या विकलो भागातली एक जुनी बाग पाहायला गेलो.
२. बाग नदीच्या दोन्ही काठांवर आहे. पाऊस नव्हता.
३. मी बाकीच्यांपासून वेगळी झाले. मुद्दाम.
४. एका जागी खडीचा रस्ता संपला. मी तिथे बराच वेळ उभी राहिले.
५. मग पुढे गेले.
६. संध्याकाळी सगळ्यांबरोबर परत आले.

ऑफिसात असते तर एवढ्यावर सही करून कागद पुढे पाठवला असता. पण काल मी जे पाहिलं ते या सहा ओळींत कुठेच आलेलं नाही. वर्गातले सगळे चांगले लोक आहेत, तरी परतीच्या बसमध्ये कोणाशी बोलावंसं वाटलं नाही. तुला सांगावंसं वाटलं.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. अठरा जूनच्या रविवारी तू आईंबरोबर काटोलला मुलगी बघायला जाणार आहेस. मुलगी बी.ए. झालेली आहे, घरचा संत्र्याचा बगीचा आहे, आणि माझं यावर काय म्हणणं आहे, असं तू शेवटच्या ओळीत विचारलं आहेस. त्याचं उत्तर या पत्रात आहे. आधी बाग.

नागपुरात आता दुपारी कौलंसुद्धा कडकड वाजत असतील. प्रताप नगरच्या तुझ्या खोलीत तू वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून बसला असशील. अशा दिवसांत कोणाला हिरवळीचं वर्णन पाठवणं बरं नव्हे, पण माझा इलाज नाही. बाग म्हटलं की आपल्याला कापलेली मेंदी आठवते, गेरू आणि चुना लावलेल्या तिरप्या विटांची रांग, मध्ये गोल हौद, कण्हेर आणि फुलं न तोडण्याची पाटी. इथे यातलं काही नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका कुटुंबाने नदीकाठची ही जागा घेतली. झाडांना ओळीत उभं करायचं नाही, जे झाड जिथे सुखाने वाढेल तिथे ते लावायचं, मग ते कुठल्याही मुलखातलं असो, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या पिढ्यांनीही तेच केलं.

आत शिरल्यावर मला बाग दिसलीच नाही. मला वाटलं, हे आधीचं रान असेल, बाग पुढे लागेल. मी तशीच चालत राहिले. झाडांखाली जमीन निळी दिसत होती. मी ती सावली समजले. जवळ गेले तेव्हा कळलं की ती फुलं आहेत, वीतभर उंचीची, घंटेसारखी, माना खाली घातलेली, नजर पोचेल तिथवर. वर बीच नावाच्या झाडांना नुकती पालवी फुटलेली होती, आणि त्या पानांतून खाली येणारं ऊनसुद्धा हिरवं होतं. माझ्या हातांवर ते पडलं तेव्हा मी हात उलटेपालटे करून पाहिले. तू हसशील. हसू नकोस. मला त्या वेळी माझेच हात कोणा दुसऱ्याचे वाटले.

आणि पाणी. नदी उथळ आहे, कोऱ्या चहाच्या रंगाची, पण तळाचा दगड न् दगड दिसतो. ती जरा चालते, हातभर खाली उतरते, संथ होते, पुन्हा उतरते. प्रत्येक उताराचा आवाज वेगळा. मी काठावर ऐकत उभी होते, आणि बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आलं की हे उतार नदीचे नाहीत. ते बंधारे आहेत. कोणीतरी हिशेबाने घातलेले, शेवाळलेले, बुटके बंधारे. श्रीधर, माझी पदवी बंधाऱ्यांची, नोकरी बंधाऱ्यांची, आणि मला आधी पाणी दिसलं, बंधारा नंतर. आपण बांधतो ते मैलभरावरून दिसतं. पाणी आहे की नाही ते जवळ जाऊन बघावं लागतं.

पुढे खडीचा रस्ता एकदम संपला. समोर कमरेएवढं गवत, त्यात पिवळी-पांढरी फुलं, आणि मधून गवत कापून केलेला एक वळणाचा पट्टा, पलीकडच्या झाडीत गेलेला. मला वाटलं, तो पट्टा माळ्यांसाठी असेल. मी खडीच्या टोकाला पाय जुळवून उभी राहिले आणि पाटी शोधू लागले. पाटी नव्हती.

तुला तलावाकाठच्या बागेतला पहारेकरी आठवतो का? माझा रुमाल उडून हिरवळीवर पडला होता, आणि मी एक पाऊल गवतावर टाकलं तर केवढ्याने शिट्टी वाजली होती. तो माझ्याशी बोललाच नाही, तुझ्याशी बोलला. ‘ओ साहेब, बाईले समजावून सांगा ना. गवत सरकारी आहे, काहून तुडवून राहिल्या?’ तू म्हणालास, ‘काका, गवत सरकारी, पण रुमाल खासगी आहे.’ तो म्हणाला, ‘मंग खासगी रुमाल खासगी बागेत पाडा नं.’ आपण बाकावर येऊन हसत बसलो. तू हसायचा थांबलास आणि मला लग्नाचं विचारलंस. मी म्हणाले, विचार करून सांगते. ऑफिसात तुम्ही आणि बाहेर तू, असं आपलं वर्षभर चाललं होतं. त्या दिवशी घरी जाताना तू मला चुकून तुम्ही म्हणालास.

तर मी खडीवर उभी होते. काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई मागून आल्या. डोक्याला रुमाल, पायात चिखलाचे बूट. तुम्ही कोणाची वाट पाहताय का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, पुढे जायची परवानगी कोणाकडे मागायची ते मला माहीत नाही. त्यांना आधी काही समजलंच नाही. मग काठीने कापलेलं गवत दाखवून त्या म्हणाल्या की बाई, हाच तर रस्ता आहे, आणि नसता तरी इथे तुम्हाला कोण अडवणार होतं? एवढं बोलून त्या माझ्या पुढे निघून गेल्यासुद्धा. पाऊल टाकताना माझे कान मात्र शिट्टीसाठी टवकारलेले होते.

गवताच्या पलीकडे जे होतं ते कसं लिहावं मला कळत नाही. घराएवढ्या उंच झुडपांना लाल आणि केशरी फुलं, इतकी की पान दिसेना, आणि ती सगळीच्या सगळी खालच्या पाण्यात पुन्हा. त्यांच्या शेजारी बांबूचं बेट. त्यामागे एक प्रचंड खोड, साल सुटलेली, खाली गळालेली लांबट पानं. मी एक पान चुरगाळून हुंगलं. निलगिरी. लहानपणी सर्दी झाली की आई माझ्या छातीला चोळायची तोच वास. ऑस्ट्रेलियाचं झाड, हिमालयातली झुडपं, चीनचा बांबू, सगळी एका आयरिश नदीत पाय सोडून बसल्यासारखी. यातलं कोण उपरं आणि कोण इथलं, हे मला ओळखता आलं नाही. मी दगडावर बसले. उंची किती, घेर किती, वय किती असेल, असले प्रश्न मला सदाच पडतात. काल पडले नाहीत. मला रडू आलं नाही, तसं समजू नकोस. मी नुसती पाण्यातली ती फुलं बघत राहिले.

तिथे बसल्यावर मला तुझ्या आई आठवल्या. कालव्याच्या सर्व्हेला तुमच्या गावाकडे गेलो तेव्हा तू मला तुमच्या वाडीवरच्या घरी नेलंस. प्रयागबाई आधी किती खुशीत होत्या. ‘बाईमाणूस अन् नहर मोजून राहिली? काय जमाना आला वं माय.’ माझ्या हातातली टेप त्यांनी ओढूनसुद्धा पाहिली. मग त्यांनी विचारलं, ‘आडनाव काय वं तुह्यं?’ मी म्हणाले, गजभिये. ‘अस्सं,’ म्हणून त्या मधल्या दाराने आत गेल्या. तू मला संत्र्यावर पडलेल्या रोगाची माहिती देत राहिलास, गरजेपेक्षा खूप जास्त. त्या चहा घेऊन आल्या तेव्हा कप तिघांचे सारखेच होते. ‘घे, थंडा होऊन राहिला,’ एवढंच बोलल्या. पण त्या मध्यंतरी आत काय करत होत्या, कपांचा विचार करत होत्या की नुसतं पाणी उकळायची वाट पाहत होत्या, ते मला आजही माहीत नाही. तुलाही नसावं. परतताना जीपमध्ये मी तुला ते विचारलं नाही. तलावाकाठी तू मला विचारलंस ते त्यानंतर महिनाभराने, आणि उत्तर द्यायची वेळ आली की मला ते मधलं दार दिसायचं. मग या अभ्यासक्रमाचं पत्र आलं आणि सगळ्यांना वाटलं, मी शिकायला गेले. शिकायला गेलेच, पण तेवढ्यासाठीच नाही.

दोन्ही घरं सोपी नाहीत. माझे बाबा छप्पन्न साली मला खांद्यावर घेऊन दीक्षाभूमीवर उभे होते. ते तुझ्याबद्दल ऐकून म्हणतील, ‘पोरी, आपल्यातले पोरं काय सरले होते?’ आई रडेल, आणि जेवायला मात्र वाढेल. ते माझं मी बघेन. प्रयागबाईंना सांगायचं काम तुझं आहे, ते मी करणार नाही.

हे पत्र यासाठी लिहिलं की मी तुला उत्तर देणं लागत होते. उत्तर होय आहे. त्या दिवशीही तेच होतं. सप्टेंबरात अभ्यासक्रम संपला की मी परत येते, तेव्हा आपण रजिस्टर पद्धतीने लग्न करू. नोकरी मी सोडणार नाही. तुमच्या घरी आले तर बाहेरच्या खोलीत चहाची वाट बघणार नाही, आत चुलीपाशी येऊन बसेन, आणि हे तू आईंना आधीच सांगितलेलं असेल. एवढं तुला जमणार असेल तर काटोलला जाऊ नकोस. त्या मुलीला सजवून समोर बसवायचं आणि नाही म्हणायचं, हे तिच्यावर अन्याय करणारं होईल. जमणार नसेल तर जा, माझी तक्रार नाही, पण तसंही मला स्पष्ट कळव. पत्राला दहा-बारा दिवस लागतात, म्हणून तार कर. शनिवार, १७ जूनपर्यंत उत्तर पाठव.

तुझीच,
प्रेमिला