दोघांच्या सहीचा फ्लॅट

३ फेब्रुवारी, सोमवार
फ्लॅट विकायचा निर्णय पक्का. भावनेचा काही संबंध नाही. वन बीएचके, डिचोली मार्केटच्या मागची गल्ली, दुसरा मजला. एका माणसाला जास्तच होतो. एजंट गुरुदासने जाहिरातीत टाकलं, 'भर बाजारात, तरी शांत'. खरं आहे. विनिता सव्वा वर्षापूर्वी आईच्या आजारपणासाठी कोरगावला माहेरी गेली, तेव्हापासून तर फारच शांत.
आई पावसाळ्यात वारली. ही अजून तिथेच. ती निघताना मी म्हटलं होतं, बोलवायला येणार नाही, यायचं तेव्हा ये. माणसाने शब्दाला जागावं. मी जागतोय.

४ फेब्रुवारी
गुरुदासने विचारलं, वहिनींची सही मिळेल ना? आमच्या गोव्यात लग्न झालं की घरदार दोघांचं, बायकोच्या सहीशिवाय विकता येत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणजे तिला यावंच लागणार. नाइलाज आहे. कायद्यापुढे कोणाचं काय चालतं?

५ फेब्रुवारी, बुधवार
प्लॅन. सहीआधी ती घर बघायला येणार. बघून डोळ्यांत पाणी येणार. मग मी उदारपणे म्हणणार, राहू दे, नाही विकत. एकही फोन न करता काम फत्ते. आता तुयेच्या फॅक्टरीत स्टोअर बघतो, पण आधी वीस वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर काढली आहेत. लांबून ट्रक बघून टनांचा अंदाज सांगायचो. माणसांचाही येतो.

९ फेब्रुवारी, रविवार
हॉलला पोपटी रंग मारला. तिला हवा होता, मी नऊ वर्षं नको म्हणत होतो. हल्ली गिऱ्हाइकांना पोपटी आवडतो असं गुरुदास म्हणाला. (म्हणाला नाही. विचारलं असतं तर म्हणाला असता.)
संकल्प: उद्यापासून स्वयंपाक घरी. माझं काही अडत नाही, हे तिला दिसायला हवं.

१० फेब्रुवारी
बांगड्यांचं हुमण तळाशी लागलं. गॅसचा दोष. पाववाल्या पोदेराकडून चार उंडे घेतले, चहात बुडवून खाल्ले. जेवण हलकंच असावं.

१६ फेब्रुवारी, रविवार
गिऱ्हाईक आलं. शीतल आणि ओंकार, नुकतंच लग्न झालेले. ऐकून पळतील असा भाव सांगितला. पळाले नाहीत. मुलगी बाल्कनीत उभी राहून म्हणाली, इथे तुळस ठेवू. विनिता तिथे संध्याकाळी खुर्ची टाकून बसायची. मी म्हटलं, तिथे ऊन फार. ती म्हणाली, तुळशीला ऊन लागतंच.
पण गिऱ्हाईक खरं असल्याशिवाय सही कशी मागणार? विसार घेतला.

१८ फेब्रुवारी
गुरुदासने कोरगावला फोन केला. मी का करू? हा व्यवहाराचा विषय. तिचा भाऊ जयराम म्हणाला, घर बघायची गरज नाही, ताई थेट सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात येईल.
दुखावली आहे. म्हणजे जीव आहे अजून. परक्या माणसावर कोण रागावतं? प्लॅनमध्ये किरकोळ बदल: सही करताना तिचा हात थांबेल. साहेब विचारतील, मर्जीने करताय ना? ती नाही म्हणेल. सरकारी ठिकाणी म्हणालेली बरी.

१७ मार्च, सोमवार
उद्या रजिस्ट्री. शर्टाला इस्त्री. दाढी दोनदा केली. शीतल-ओंकारला काय सांगायचं ते पाठ केलंय: माफ करा, बायको नाही म्हणते, विसार परत घ्या. बाजारातून दोघांपुरती तांबडी भाजी आणून ठेवली. उद्या घाई होईल.

१८ मार्च, मंगळवार
आली. केस बरेच पिकलेत. मला कोणी सांगितलं नव्हतं.
साहेबांनी विचारलं, मर्जीने? ती हो म्हणाली. सही केली, अंगठा दिला, कॅमेऱ्याकडे बघितलं. अर्ध्या मिनिटाचं काम. हात थांबला नाही. मग माझं नाव पुकारलं. मला नाही म्हणता आलं असतं. पण ती बघत होती. तिने सही केली आणि मी कच खाल्ली, असं दिसलं असतं. मीही केली.
बाहेर जयराम स्कूटर आणायला गेला. तिने विचारलं, आता राहणार कुठे. म्हटलं, ऑप्शन आहेत. मग तोंडातून निघूनच गेलं, की तू सही करशील असं वाटलं नव्हतं. ती म्हणाली, तुम्हाला सगळं संपवायचंय असं वाटलं, म्हणून केली. मी म्हटलं, तू यावीस म्हणून विकत होतो.
"ये म्हणान एक फोन केल्यात असतात, तर मी इलंय असतंय," ती म्हणाली. "तेच्यासाठी घर विकूचां लागतां काय?"
स्कूटर आली. ती मागे बसून गेली. मी पायरीवर बसून रडलो. लोक बघत होते. रस्त्यावर धूळ होती, पण धुळीमुळे नव्हे.

२९ मार्च, शनिवार
दुपारी किल्ल्या दिल्या. उद्या पाडवा, त्यांचा गृहप्रवेश. स्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली आहे, तात्पुरती. एक खाट, एक पंखा. सामान फॅक्टरीच्या शेडमध्ये.
संध्याकाळी कोरगावला फोन लावला. स्वतः. तिनेच उचलला. मी म्हटलं, विनिता, ये.
तिने हळूच पत्ता विचारला, "खंय येव?"
आवाज येत नाही असं सांगून मी फोन ठेवला. आवाज स्पष्ट येत होता.