कॉम्प्रेसरच्या खोलीतला पहारेकरी

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझा पत्ता मिस्त्रीकाकांकडून मिळाला. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढ-उतार काही थांबत नाही. बाबांना थंडीत धाप जास्त लागते, म्हणून ते कारखान्यात आले तरी ऑफिसातच बसतात. बर्फाला गिऱ्हाईक आहे. सहा वर्षांत तुला ओळ लिहिली नाही, म्हणून हात अडखळतोय.

कॉम्प्रेसरच्या खोलीत मी वायरलेस सेन्सर बसवतेय. खोक्यातून दोन हिरवी बोर्डं निघाली. एक यंत्राजवळ ठेवून बर्फ गोठवणाऱ्या अमोनियाचा वास हुंगणारं, दुसरं ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडून त्याचा निरोप ऐकणारं. गॅस गळला की ऑफिसात भोंगा वाजला पाहिजे. अँटेना लावल्याशिवाय बॅटरी जोडू नका, असं सोबतच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर होतं. मी घाईत आधी बॅटरी जोडली आणि बोर्डातला रेडिओ जळाला. मिस्त्रीकाका म्हणाले, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी नवं बोर्ड मागवलं आणि या खेपेला पान न् पान वाचलं.

जोडणी जमली, तर लोखंडी दार लावलं की निरोप पोचेना. चार दिवस बोर्ड हातात घेऊन मी खोलीभर फिरले. शेवटी लांब वायर लावून अँटेना झरोक्याबाहेर काढली. काल काकांनी अमोनियाच्या पाण्यात भिजवलेला बोळा सेन्सरपुढे धरला आणि भोंगा असा बोंबलला की आई लाटणं घेऊनच खाली आली. सगळे हसले.

मला रडू फुटलं. बाबांनी कारण विचारलं.

दादा, सहा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी वहीत कॉम्प्रेसरवरची पाळी तुझी होती. पण "तू जेवून घे, गेजचा काटा मी बघते," असं मीच तुला म्हणाले होते. आणि मैत्रिणीच्या फोनपायी गच्चीवर जाऊन बसले. अमोनिया गळला, त्यात बाबा सापडले, आणि खापर तुझ्यावर फुटलं. तू माझं नाव घेतलं नाहीस. बाबांनी तुला घराबाहेर काढलं, तेव्हा मी दाराआड उभी होते.

काल मी हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी टेबलावरचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग एवढंच म्हणाले, "त्याला लिही. कागद खाली थोडा कोरा ठेव."

उद्या सकाळी सगळ्या कामगारांना एकत्र बोलावून हेच सांगणार आहे. काकांनी विचारलं, जड जाणार नाही का? जाईल. तरी सांगणार. त्यानंतर गोदामातही सेन्सर बसवायचाय, तेही मीच करणार. तू माफ करावंस म्हणून यातलं काही करत नाहीये.

तुझ्या गप्प राहण्यावर सहा वर्षं निवांत जगलेली,
धाकटी

पोरा, त्या दिवशी मी तुला काही विचारलंच नाही. घरी ये.
— बाबा